थंडी पडण्याआधी गाडीची बॅटरी: कोकणातल्या गाड्यांसाठी तपासणीपासून बदलण्यापर्यंत

कोकणात थंडी ती किती, असं आपण सहज म्हणतो. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर जानेवारीतल्या पहाटेही पारा साधारण १८-२० अंशांच्या आसपास असतो. दापोलीचं पठार आणि आंबोली सोडली, तर स्वेटर पेटीतून बाहेर काढावा लागतो तो मोजक्याच सकाळी. मग बॅटरीची काळजी थंडीआधी कशाला?

कारण आपल्याकडची बॅटरी खराब होते उन्हाळ्यात आणि ते कळतं थंडीत. गाडीतली नेहमीची बॅटरी शिसं आणि गंधकाम्लाची असते. तिच्या आतल्या रासायनिक क्रियांचा वेग तापमान १० अंशांनी वाढलं की ढोबळमानाने दुप्पट होतो. एप्रिल-मेच्या उन्हात बॉनेटखाली जो उकाडा साठतो त्यात आतलं पाणी उडतं, प्लेटांची जाळी आतून गंजत जाते. पुढे चार महिने पाऊस. गाडी कमी फिरते, बॅटरी अर्धवट चार्ज अवस्थेत पडून राहते आणि प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा थर बसून घट्ट होतो. त्यावर ऑक्टोबरचा उकाडा. कार्तिक उजाडेपर्यंत बॅटरीची ताकद बरीच घटलेली असते, पण गरम हवेत इंजिन हलकं फिरतं, म्हणून गाडी रोज चालू होत राहते आणि आपल्याला शंका येत नाही.

मग एक दिवस आंब्याला मोहोर आणणारी थंडी पडते. इंजिनातलं ऑईल दाट होतं, इंजिन फिरवायला स्टार्टरला जास्त करंट लागतो आणि त्याच वेळी बॅटरीची करंट देण्याची क्षमता कमी झालेली असते. धडधाकट बॅटरीला हा फरक जाणवतही नाही. झिजलेली बॅटरी मात्र नुसती 'कट् कट्' आवाज करून थांबते.

खरी कसोटी घाट चढल्यावर लागते. गुहागरहून कुंभार्ली घाटाने कराडला, रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरला, पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वरला गेलात की काही तासांत हवामान पालटतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी काही पहाटे दवबिंदू गोठतात. शून्य अंशाजवळ बॅटरीची इंजिन फिरवण्याची ताकद पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याने कमी होते. खाली किनाऱ्यावर कसाबसा सेल्फ मारणारी गाडी वर लॉजच्या आवारात सकाळी सहाला उभीच राहणार. डिझेल गाडीला तर याचा जास्तच फटका. तिचं इंजिन फिरवायला जड असतं, आणि थंडीत इंजिन सुरू व्हायला मदत करणारे ग्लो प्लग तापवायलाही बॅटरीच लागते.

केव्हा तपासायचं

माझ्या मते दिवाळी ते तुळशीचं लग्न हा कोकणातला योग्य काळ. पाऊस सरलेला असतो, उन्हाळ्याने आणि पावसाने करायचं ते नुकसान करून झालेलं असतं आणि थंडी अजून यायची असते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. तेव्हा किनाऱ्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते, इलेक्ट्रिशियनला वेळ नसतो, आणि आपल्या गाडीला बसणारीच बॅटरी दुकानात शिल्लक असेल याची खात्री नसते. तालुक्याच्या गावी दुकानं मोजकीच असतात.

वयाचा हिशोब असा ठेवा. पहिली दोन वर्षं वर्षातून एकदा तपासलं तरी पुरे. तिसरं वर्ष संपलं की वर्षातून दोनदा, उन्हाळ्याआधी आणि थंडीआधी. चार वर्षं झालेली बॅटरी खाली दिलेल्या चाचण्यांत थोडीही कमी पडली तर बदलून टाकावी. पाच वर्षं चाललेल्या बॅटऱ्या असतात, पण अशा बॅटरीच्या भरवशावर रात्रीबेरात्री माणसाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर तो भरवसा महागात पडतो.

बॅटरी केव्हाची हे बिलावर किंवा वॉरंटी कार्डावर असतं. गाडी जुनी घेतलेली असेल आणि कागद नसतील, तर बॅटरीवरचा कोड दुकानदाराला वाचायला सांगा. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी आहे, पण त्यातून निर्मितीचा महिना कळतो.

आधी डोळ्यांनी बघा

इंजिन थंड असताना बॉनेट उघडा. बॅटरीच्या बाजू फुगलेल्या दिसल्या, डब्याला चीर असली किंवा कुजक्या अंड्यासारखा वास आला तर पुढच्या चाचण्या करत बसू नका. ती बॅटरी गेली. असा वास येत असेल तर गाडी चालूही करू नका. बॅटरी जास्त चार्ज होऊन उकळत असण्याची शक्यता असते, म्हणजे अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र) किंवा त्याचा रेग्युलेटरही तपासावा लागेल.

टर्मिनलवर पांढरी किंवा हिरवट-निळी भुकटी दिसली तर ती साफ करायची आहे. एवढ्यावरून बॅटरी बाद ठरत नाही. बॅटरी तिच्या पट्टीत घट्ट बसली आहे का, हेही हलवून बघा. खड्ड्यांतून आणि जांभ्याच्या कच्च्या रस्त्यांवरून जाताना सैल बॅटरीला सतत हादरे बसतात, आतल्या प्लेटांवरचा लेप झडून तळाशी साचतो आणि एक दिवस सेल शॉर्ट होतो. पट्टीचा नट गंजून तुटला म्हणून तारेने बांधलेली बॅटरी आपल्याकडे फार दिसते. पट्टी किरकोळ किमतीला मिळते, ती बसवून घ्या.

बॅटरीला पाणी भरायची बुचं असतील तर ती उघडून पातळी बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर डिस्टिल्ड वॉटर घाला, पेट्रोल पंपावरही मिळतं. विहिरीचं, नळाचं किंवा फिल्टरचं पाणी घालू नका. त्यातले क्षार आणि लोह प्लेटा खराब करतात. ॲसिड तर कधीच वाढवू नका. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच असतं. पाणी प्लेटांच्या वर साधारण एक सेंटिमीटर असावं. काठोकाठ भरलं तर चार्ज होताना बाहेर येऊन सगळीकडे गंज पसरवतं.

मल्टिमीटरच्या तीन चाचण्या

डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. ज्यांच्या घरी दोन-तीन गाड्या आहेत त्यांनी तो घेऊनच ठेवावा. बॅटरी बदलायची की नाही हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याऐवजी स्वतः आकडा वाचून ठरवता येतं.

पहिली चाचणी सकाळी, गाडीला हात लावण्याआधी. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल टोक प्लसला आणि काळं मायनसला. १२.६ किंवा त्याहून जास्त आलं तर बॅटरी पूर्ण चार्ज आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ उतरलेली. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हा आकडा बॅटरीत चार्ज किती आहे ते सांगतो, ती किती झिजली आहे ते सांगत नाही. चार दिवस उभ्या गाडीत आतला दिवा चालू राहिला तर नवी बॅटरीही १२ च्या खाली जाते. म्हणून १२.४ च्या खाली आकडा आला तर आधी बॅटरी चार्जिंगला लावा, मग काही तास तशीच ठेवून परत मोजा. चार्ज न करताच 'बॅटरी गेली, नवी घ्या' असं कुणी म्हणत असेल तर दुसऱ्या दुकानात जा.

चार्जिंग सावकाश करावं. ढोबळ नियम असा की बॅटरी जितक्या अँपिअर-अवरची (हे तिच्या साठवणक्षमतेचं माप), त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा करंट. ३५ ची बॅटरी असेल तर साडेतीन अँपिअर, दहा-बारा तास. चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो आणि ठिणगीने त्याचा स्फोट होतो. त्यामुळे बंद मांगरात किंवा चुलीच्या जवळ नको. पडवीत किंवा खळ्यात, हवा खेळती असेल तिथे लावा.

दुसरी चाचणी सेल्फ मारताना. चार्ज झालेल्या बॅटरीला मीटर लावून ठेवा आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. इंजिन फिरत असताना आकडा खाली जातो, त्याचा सर्वांत खालचा थांबा बघा. १० च्या वर राहिला तर बॅटरी चांगली. ९.६ च्या आसपास आला तर ती काठावर आहे. त्याखाली गेला, आणि त्यातही तपासणी ३० अंशांच्या दुपारी केलेली असेल, तर थंडीत ती दगा देणार हे धरून चाला. दुकानात लोड टेस्टर किंवा डिजिटल टेस्टर असतो, त्यावरही बघून घ्या. डिजिटल टेस्टर बॅटरीचा कोल्ड क्रँकिंग अँपिअरचा (थंडीत इंजिन फिरवायला मिळणाऱ्या करंटचा) छापील आकडा आणि आत्ता मिळणारा आकडा यांची तुलना करून दाखवतो.

तिसरी चाचणी इंजिन चालू असताना. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा. हेडलाइट आणि पंखा लावल्यावरही तो १३.५ च्या खाली फारसा जाऊ नये. कमी असेल तर अल्टरनेटर, त्याचा बेल्ट किंवा वायरिंग बघा. १५ च्या वर सतत राहत असेल तर रेग्युलेटर बिघडलेला आहे. अलीकडच्या काही गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे आकडा मध्येच खाली उतरला तरी लगेच घाबरू नका. पण ही चाचणी केल्याशिवाय नवी बॅटरी घेऊ नका. चार्जिंगच बिघडलेलं असेल तर नवीही वर्षभरात जुनीसारखी होते.

बॅटरी की खारी हवा?

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हा भाग टाळू नये. सेल्फ कमी मारतोय म्हणून चांगली बॅटरी काढून टाकली जाते आणि दोष असतो वायरीच्या टोकाला. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं. ते तांब्याच्या वायरीत, क्लॅम्पच्या आत, इंजिनाला जोडलेल्या अर्थिंगच्या पट्टीत शिरतं आणि वरून आवरण ठीक दिसत असताना आतून सगळं कुजवतं. मासळी वाहणाऱ्या गाड्यांची अवस्था त्याहून वाईट. हर्णै किंवा मिरकरवाडा बंदरावरून भरलेल्या क्रेटांतून खारं पाणी गाडीच्या चॅसिसवर सतत टपकत असतं. काही पिकअपची बॅटरी बाजूला उघड्या जाळीत असते आणि तिची अर्थिंग वायर त्याच चॅसिसला बोल्टने बसवलेली असते.

तपासायची पद्धत सोपी आहे. मीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरं त्याच खुंटाला आवळलेल्या क्लॅम्पवर टेकवा. दुसऱ्याने सेल्फ मारावा. खुंट आणि क्लॅम्प एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. ०.१ किंवा ०.२ च्या वर गेला तर तिथे गंज आहे. मग एक टोक मायनसच्या खुंटावर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून तेच करा. इथेही ०.२ च्या वर गेलं तर अर्थिंगची वायर किंवा तिचे बोल्ट खराब आहेत. नवी जाड वायर टाकून घेतली की सेल्फ पहिल्यासारखा मारतो, आणि त्याचा खर्च बॅटरीच्या मानाने काहीच नाही.

टर्मिनल साफ करायला कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घाला आणि जुन्या टूथब्रशने भुकटीवर लावा. बुचं घट्ट बंद आहेत ना ते आधी बघा, सोड्याचं पाणी आत जाता कामा नये. फेस येऊन थांबला की साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा, खुंट आणि क्लॅम्पचा आतला भाग तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने चकचकीत करा. क्लॅम्प घट्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. क्रम महत्त्वाचा. आधी जेली लावून क्लॅम्प बसवू नका. किनाऱ्यापासून एक-दोन किलोमीटरच्या आत राहत असाल तर हे पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, दोन्ही वेळा करा. पाण्यात सापडलेल्या गाडीच्या बाबतीत तर काही विचारू नका. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी पाहिलं आहे. पाणी शिरलेल्या गाडीची चावी फिरवायची नाही. आधी बॅटरीचा मायनस काढायचा आणि मग इलेक्ट्रिशियनला बोलवायचं.

बदलायची ठरली, तर कोणती घ्यायची

जुन्या बॅटरीवर छापलेला नंबर उतरवून घ्या किंवा फोटो काढा. उदाहरणार्थ ३८बी२०एल. यातला ३८ ताकदीचा दर्जा सांगतो, बी रुंदी आणि उंचीचा गट, २० म्हणजे लांबी साधारण २० सेंटिमीटर आणि एल म्हणजे टर्मिनलची बाजू. एलच्या जागी आर घेतली तर प्लस-मायनस उलट बाजूंना येतात आणि वायर पोचत नाही. ओढून पोचवली तर बॉनेटला किंवा पट्टीला घासते. शेवटी एस असेल तर खुंट जाड असतात. बारीक खुंटाच्या क्लॅम्पवर जाड खुंट बसत नाही, आणि जाड खुंटाचा क्लॅम्प बारीक खुंटावर पत्र्याचा तुकडा घालून आवळणं हा तर दोन महिन्यांचा उपाय आहे.

थोडी जास्त क्षमतेची बॅटरी चालते, पण ट्रेमध्ये नीट बसणारी आणि पट्टीत आवळता येणारी असेल तरच. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होणाऱ्या गाड्यांना ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी लागते. साधी बसवली तर स्वस्त पडते, पण लवकर संपते. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही हे वाचावं. मोठी बॅटरी वेगळी असली तरी दारं, दिवे आणि संगणक चालवायला बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टची छोटी बॅटरीही असते, आणि ती उतरली तर गाडी हलत नाही.

दुकानात दोन गोष्टी आग्रहाने विचारा. एक, बॅटरी केव्हा बनली. लहान गावात माल हळू खपतो आणि उकाड्यात रॅकवर पडून राहिलेली बॅटरी 'नवी' म्हणून गळ्यात पडू शकते. तीन-चार महिन्यांपेक्षा जुनी असेल तर दुसरी मागा. दोन, तुमच्यासमोर मीटर लावून दाखवायला सांगा. १२.५ च्या खाली असेल तर घेऊ नका किंवा पूर्ण चार्ज करून द्यायला सांगा. वॉरंटी समजून घ्या. ती बऱ्याचदा दोन भागांत असते. पहिल्या भागात बॅटरी बिघडली तर फुकट बदलून मिळते, दुसऱ्यात उरलेल्या काळाच्या प्रमाणात सूट मिळते. पहिला भाग जास्त महिन्यांचा असलेली बॅटरी थोडी महाग पडली तरी कोकणातल्या हवेत ती घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. कार्डावर गाडीचा नंबर, तारीख आणि शिक्का तिथेच घ्या.

बदलताना

बऱ्याच गाड्यांना १० चा पाना पुरतो. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असू दे. अंगठी, घड्याळ, हातातलं कडं काढून ठेवा. सगळे दिवे बंद, चावी तुमच्या खिशात आणि एक काच खाली. वीज तुटल्यावर काही गाड्या लॉक होतात.

पहिल्यांदा मायनस काढा, नंतर प्लस. हा क्रम का, ते सांगतो. गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. आधी प्लस सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला लागला तर सरळ शॉर्ट होतो, पाना लाल होतो आणि वायूला आग लागू शकते. मायनस आधी सुटलेला असला की ही भीती राहत नाही. काढलेली वायर कापडात गुंडाळून बाजूला ठेवा.

पट्टी सोडा आणि बॅटरी दोन्ही हातांनी सरळ उचला. कारची असेल तर दहा-पंधरा किलो, डिझेल गाडीची त्याहून जड. कंबर वाकवून नाही, गुडघे वाकवून. आता ट्रे बघा. किनाऱ्यावरच्या गाडीत तो खालून गंजलेला असतो आणि बदलायच्या दिवशीच दिसतो. सोड्याच्या पाण्याने धुवून, वाळवून, गंज घासून त्याला प्रायमर आणि रंग मारा. यात एक तास गेला तरी घाई करू नका.

नवी बॅटरी ठेवा, पट्टी घट्ट करा आणि आता उलट क्रम: आधी प्लस, मग मायनस. क्लॅम्प हाताने फिरवून बघा, जरासुद्धा हलता कामा नये. प्लसवर लाल टोपी चढवा. गाडी चालू करून १३.८ ते १४.५ ची चाचणी पुन्हा करा. घड्याळ आणि रेडिओ पुन्हा लावावे लागतील, काही गाड्यांत काचेचं आपोआप वर जाणंही पुन्हा शिकवावं लागतं. काही गाड्यांत इंजिनाचा वेग एक-दोन दिवस थोडा वरखाली होईल, मग सुरळीत होतो. ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तिथे एकच नवी टाकू नका. जुनी नवीला ओढून खाली आणते, दोन्ही एकत्रच बदला.

ॲसिड अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर सलग १५ मिनिटं पाण्याची धार सोडा आणि तसेच दवाखाना गाठा.

दुचाकी

स्कूटर आणि मोटारसायकलची बॅटरी साधारण तीन ते नऊ अँपिअर-अवरची असते, चुका सोसण्याइतका साठा तिच्यात नसतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर बहुतेक दुचाकींत कार्ब्युरेटर गेले आणि इंजेक्शन आलं. इंधनाचा पंप आणि संगणक दोन्ही विजेवर चालतात, त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली तर अनेक गाड्या किक मारूनही चालू होत नाहीत. काहींना किकच नाही. सकाळी हॉर्नचा आवाज बसका येतो, इंडिकेटर मंद लुकलुकतो, ही पहिली लक्षणं. आकडे कारचेच, फक्त सीलबंद बॅटरी पूर्ण चार्ज असताना १२.८ च्या आसपास दाखवते. काही बॅटऱ्या कोरड्या येतात आणि दुकानात ॲसिड भरतात. भरल्यावर लगेच गाडीत बसवू नका, पहिलं चार्जिंग पूर्ण होऊ द्या. त्यात घाई केली की ती बॅटरी आयुष्यभर अर्धीच राहते.

वाडीत उभी असलेली गाडी

मुंबईला नोकरी आणि गाडी गावच्या घरी, असं कोकणात अनेक कुटुंबांत आहे. गणपतीला चालवलेली गाडी पुन्हा निघते ती शिमग्याला. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म आणि संगणक थोडी वीज खात असतात. ५० मिलिअँपिअर धरलं तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर, म्हणजे ३५ ची बॅटरी महिन्याभरात पूर्ण उतरते. जीपीएस किंवा रात्रंदिवस चालू राहणारा कॅमेरा लावलेला असेल तर त्याहून आधी. आणि उतरलेली बॅटरी महिनोन्‌महिने पडून राहिली तर पुन्हा चार्ज केली तरी पूर्वीसारखी होत नाही.

महिन्यापेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल तर मायनस काढून ठेवा. तेवढ्याने बॅटरीचं आयुष्य वाचतं. घरात वडीलधारी मंडळी असतील तर त्यांना 'रोज पाच मिनिटं चालू करून ठेवा' असं सांगू नका. पाच मिनिटांत सेल्फने खाल्लेली वीजही नीट भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा कुणी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवून आणली तर ठीक, नाहीतर मायनस काढणंच बरं.

आल्यावर गाडी उतरलेलीच सापडली तर जंपर वायर वापरा. क्रम असा: लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून दूर. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते, ती बॅटरीजवळ उडू नये म्हणून. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून चालू होत नाही. चालू झाल्यावर दाभोळ-धोपावे किंवा वेश्वी-बागमांडला फेरीबोटीवर चढवायची असेल, तर आधी तासभर रस्त्यावर पळवून घ्या. बोटीत इंजिन बंद करावं लागतं आणि पलीकडच्या धक्क्यावर सेल्फ मारला नाही तर मागच्या सगळ्या गाड्या अडकतात.

जुनी बॅटरी कुठे द्यायची

नवी घेताना जुनी त्याच दुकानात द्या. तिच्या वजनानुसार पैसे वळते होतात आणि बिलात ते दिसायला हवेत. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून नोंदणीकृत कारखान्यांत पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला चार पैसे जास्त मिळतात म्हणून देऊ नका. उघड्यावर फोडून शिसं वितळवलं की त्याचा धूर आजूबाजूच्या लहान मुलांच्या अंगात जातो, आणि शिसं मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. ॲसिड माडाच्या बुंध्यात किंवा परसात ओतणं तर अजिबात नको. आपली जमीन जांभ्याची, सच्छिद्र आहे, आणि पावसाळ्यात ते खालच्या विहिरीपर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही. दुकानात नेईपर्यंत जुनी बॅटरी उभी ठेवा, प्लॅस्टिकच्या घमेल्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी.